टोनीचा हेल

१९८९ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस मी चार दिवस पणजीला एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. फोंतेन्यासमधले जुने घर, ओसरीवर वेताच्या खुर्च्या, आतल्या खोलीत पियानो आणि भिंतीवर दोन व्हायोलिने. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवण्याची परंपरा शतकांची आहे. माझे स्नेही त्याच परंपरेतले. दुसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर त्यांनी व्हिडिओवर एक कॅसेट लावली आणि म्हणाले, "तुम्ही नाट्यसंगीतवाले. तुम्ही हे बघायलाच पाहिजे."

ती होती बीबीसीची एक फिल्म. अमेरिकन संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन आपल्याच 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीत नाटकाचे ध्वनिमुद्रण करतो आहे, एवढाच तिचा विषय. साल १९८४, स्थळ न्यूयॉर्कमधला एक स्टुडिओ. नाटकाचा नायक टोनी हा न्यूयॉर्कच्या गल्लीतला पोरगा. त्याची गाणी गायला आलेला होता होसे कारेरास, बार्सेलोनाचा, मातृभाषा कातालान, जगातल्या पहिल्या चार-पाच ऑपेरा गायकांत ज्याचे नाव घेतले जाई असा. आणि हा एवढा मोठा गवई एका साध्या नाट्यपदाशी झटत होता. सूर चुकत नव्हता, चुकत होते ते शब्द. शब्द सावरला की ताल निसटे, ताल धरला की पुन्हा शब्द परका होई. बर्नस्टाइन थांबवी, काचेपलीकडून मुद्रणाचा सूत्रधार थांबवी, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आले, ते मी ओळखले. माझ्या स्नेह्यांना त्यात एका बड्या कलावंताचा वैताग दिसला. मला त्यात बावीस वर्षांपूर्वीचा मी दिसलो.

ते कसे, ते पुढे सांगतो. आधी त्या तबकडीची हकीकत.

'वेस्ट साइड स्टोरी' ब्रॉडवेवर आले २६ सप्टेंबर १९५७ रोजी, विंटर गार्डन थिएटरात. कल्पना नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सची, संहिता आर्थर लॉरेंट्सची, पदे स्टीफन साँडहाइम या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या पोराची, संगीत बर्नस्टाइनचे. कथा म्हणजे 'रोमिओ आणि ज्युलिएट'. दोन घराण्यांच्या जागी रस्त्यावरच्या दोन टोळ्या. १९४९ साली रॉबिन्सने कल्पना काढली तेव्हा भांडण ज्यू आणि कॅथलिक यांच्यात असणार होते आणि नाव होते 'ईस्ट साइड स्टोरी'. पाच-सहा वर्षे ते तसेच पडून राहिले. दरम्यान पोर्तो रिको बेटावरून हजारो कुटुंबे न्यूयॉर्कला येऊन राहिली आणि भांडणाला नवे पक्ष मिळाले. एका बाजूला स्वतःला इथले म्हणवणारी गोरी पोरे, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश बोलणारी नवी वस्ती. म्हणजे मुळात हे नाटक 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाचे. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या फेरीत ७३२ प्रयोग झाले. नाटक उघडल्यावर तिसऱ्याच दिवशी, २९ सप्टेंबरच्या रविवारी, कोलंबिया कंपनीने मूळ संचाला स्टुडिओत नेले आणि एका दिवसात सगळी गाणी मुद्रित केली. त्या तबकडीवर टोनी आहे लॅरी कर्ट, मारिया आहे कॅरल लॉरेन्स. दोघांचे गळे तरुण, थोडे कच्चे, बोलल्यासारखे गाणारे. ही निवड गरजेपोटीही होती. ज्या नटांना उड्या मारून नाचायचे, चाकू काढायचे आणि वयाने विशीच्या आत दिसायचे, त्यांच्याकडून ऑपेराचा गळा कोण मागणार?

एक गंमत इथे सांगून टाकतो. त्या काळी ब्रॉडवेच्या थिएटरांत करारावरचे ठराविक वादक घ्यावेच लागत. विंटर गार्डनचे व्हायोला वाजवणारे बर्नस्टाइनला पसंत नव्हते. मग त्याने आणि त्याच्या साथीदारांनी वाद्यमेळ अशा तऱ्हेने लिहिला की त्यात व्हायोला हे वाद्यच नाही! आपल्याकडे सारंगिया नावडला म्हणून सारंगीच वगळून पदे बसवावीत, तसे.

पुढे बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला आणि जगभर वाद्यवृंद चालवत हिंडला. पण हे सबंध नाटक त्याने स्वतः कधी चालवले नव्हते. सत्तावीस वर्षांनी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीसाठी तो ते पहिल्यांदा चालवायला उभा राहिला आणि आपल्या मनातले गळे त्याने मागून घेतले. मारियासाठी किरी ते कानावा, न्यूझीलंडची, माओरी रक्ताची. १९८१ साली इंग्लंडच्या युवराजाच्या लग्नात गायल्यामुळे घरोघर पोचलेली. टोनीसाठी कारेरास. अनितासाठी तात्याना ट्रोयानोस. 'समव्हेअर' या एकाच गाण्यासाठी मॅरिलिन हॉर्न. आणि पात्रांमधले गद्य संवाद? ते मारिया आणि टोनी यांच्या नावाने बोलली बर्नस्टाइनची स्वतःची मुले, नीना आणि अलेक्झांडर. गाणार एक, बोलणार दुसरा. हे ऐकले मात्र, मी खुर्चीत सरसावून बसलो.

आता माझी गोष्ट. १९६७ साली मी बेळगावहून पुण्याला कॉलेजला गेलो. गळा बरा होता. बेळगावात बुवांकडे सहा वर्षे घासलेला होता. तिथल्या एका हौशी मंडळाने 'संशयकल्लोळ' घेतले आणि गाण्याच्या चाचणीत मला अश्विनशेठ मिळाला. पत्र टाकून घरी कळवले. पंधरा दिवस तालमी झाल्या. माझी पदे होताना तालमीची खोली गप्प होई, आणि पद संपून गद्य आले की कोपऱ्यात कुणीतरी खुसखुसे. माझ्या वाक्यांच्या शेवटी एक हेल येई. तो मला ऐकू येत नसे. त्यांना तेवढाच ऐकू येई. मधल्या सुट्टीत मी कुणाला तरी "काय करायलास?" असे विचारले, ते पुढे महिनाभर माझ्यामागे लागले. एके दिवशी दिग्दर्शक हसत म्हणाले, "असं करू या, पदं याची ठेवू आणि गद्य विंगेतून दुसरा कुणीतरी बोलेल." सगळे हसले, मीही हसलो. आठवड्याने अश्विनशेठ दुसऱ्याकडे गेला आणि माझ्या हातात प्रॉम्प्टिंगची वही आली. त्या मंडळाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. माणसे वाईट नव्हती.

या घटनेतला एक विनोद मला फार उशिरा उमजला. ज्या संगीत नाटकाच्या गद्यासाठी मी नापास झालो, ते संगीत नाटक मुळात आले कुठून? अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आमच्याच बेळगाव जिल्ह्यातले. १८८० साली त्यांनी 'शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आणले, आणि पुढे मराठी रंगभूमीवर रुळलेल्या कितीतरी चाली कानडी मुलखातून उचललेल्या होत्या. सूर इकडचे चालले होते. हेल तेवढा चालला नाही.

म्हणून पणजीतल्या त्या रात्री, कारेरास अडखळताना पाहून मला काय वाटले असेल याची कल्पना करा. पहिली भावना, खरे सांगतो, थोड्या सूडाची होती. बघा, एवढ्या मोठ्यालाही जमत नाही! दुसरी भावना त्यानंतर आली. हा माणूस अडतो तो नेमका कशाला, हा प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली.

ऑपेराचा गळा कशासाठी तयार करतात ते आधी पाहू. समोर साठ-सत्तर वाद्ये, मायक्रोफोन नाही, प्रेक्षागृह दोन-तीन हजारांचे. गायकाने कितीही जोर केला तरी वाद्यवृंदावर निव्वळ ताकदीने मात करता येत नाही. मग तो घशाची आणि मुखाची पोकळी अशी घडवतो की आवाजातल्या तीन हजार हर्ट्झच्या आसपासच्या लहरी उठून दिसाव्यात. वाद्यवृंदाचा मोठा जोर पाचशे हर्ट्झच्या जवळपास असतो आणि वर जाईल तसा तो ओसरत जातो. त्या ओसरलेल्या जागेतून गायकाचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत जातो. ही कमाई फुकट मिळत नाही. वरच्या पट्टीत स्वरांचे उच्चार बदलावे लागतात. 'ई' थोडी 'ए'कडे झुकते, 'आ' गोल होतो. शब्दाची किंमत देऊन सूर विकत घ्यायचा, असा तो व्यवहार आहे.

ब्रॉडवेचा व्यवहार नेमका उलटा. तिथे शब्द कळला नाही तर विनोद पडला, कथा अडली. तिथले पद म्हणजे बोलता बोलता वर चढलेला संवाद. आपल्याकडे मात्र जुन्या संगीत नाटकाचाच नट मायक्रोफोनशिवाय पिटापर्यंत आवाज फेकायचा आणि जवळिकीने, कुजबुजल्यासारखे गायचे ते मैफलीत. म्हणून 'ऑपेरा म्हणजे आपले शास्त्रीय आणि म्युझिकल म्हणजे आपले नाट्यसंगीत' हे समीकरण वरवर सोपे वाटते, पण गळ्याच्या हिशेबात ते उलटे पडते. माझ्या स्नेह्यांशी यावरून माझा वाद झाला आणि तो पहाटे दोनपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पियानोवर 'मारिया' या गाण्याचे पहिले तीन स्वर वाजवले. शेजारच्या खोलीत पेटी होती, ती मी ओढून घेतली. षड्ज, तीव्र मध्यम, पंचम. षड्जावरून एकदम तीव्र मध्यमावर उडी, आणि तिथे क्षणभर टांगून राहून पंचमावर विसावा. आपल्या कानाला यमन किंवा हिंडोल यांच्या घरातला तीव्र मध्यम ओळखीचा. त्यांच्याकडे मात्र हे अंतर जुन्या काळापासून अशुभ, सैतानी म्हणून बदनाम. बर्नस्टाइनने ते सबंध नाटकभर पेरले आहे. टोळ्यांच्या मारामारीत ते दात विचकते, आणि मुलगी दिसताच तेच अंतर पंचमावर येऊन निवते. माझे स्नेही म्हणाले, "एवढे तुम्हाला एका मिनिटात कळले. आमच्या पोरांना महिना लागतो." मी मनात म्हटले, कळले ते सुरांचे. शब्दांचे काय?

कारेरासचा सगळ्यात कठीण झगडा झाला तो 'समथिंग्ज कमिंग' या गाण्याशी. टोनीचे हे पहिले पद नाटकात अगदी शेवटी, १९५७च्या उन्हाळ्यात घातले गेले. चाल तिनाच्या लयीत धावते आणि वरचे शब्द दोनाच्या वजनाने आदळतात. आपण दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा मोजत असताना गाणारा दोन-दोन-दोन असे तोडू लागला, तर जो खेळ होईल तो. पण हा खेळ तबलजीसारखा मोजून होत नाही. ती वजने न्यूयॉर्कच्या बोलीतली आहेत. तिथला पोरगा एखादी बातमी ऐकून जसा अधीरपणे बोलेल, तसे शब्द आधी-नंतर पडतात. ज्याच्या कानात ती बोली लहानपणापासून आहे त्याला मोजावे लागत नाही, आणि ज्याच्या कानात नाही त्याने मोजले की ते मोजल्यासारखे वाटते. अश्विनशेठच्या गद्यात माझे हेच होत होते. मी पुणेरी वाक्य मोजून म्हणत होतो.

तबकडी बाजारात आली, अफाट खपली, १९८६ साली तिला ग्रॅमीही मिळाले. आणि टीकाकारांनी नेमके तेच बोट ठेवले. अमेरिकन पोराच्या तोंडी स्पॅनिश वळणाचे इंग्रजी आणि पोर्तो रिकोच्या मुलीच्या तोंडी सुसंस्कृत ब्रिटिश थाटाचे! सगळे नाटक ज्या भेदावर उभे आहे तो भेदच उलटा झाला. हा आक्षेप खोटा नाही. आजही मी ते गाणे ऐकतो तेव्हा लॅरी कर्टच लावतो.

पण आक्षेप घेणाऱ्यांनी मागे वळून पाहायला हवे होते. १९५७ची मारिया, कॅरल लॉरेन्स, इटालियन वंशाची. १९६१च्या चित्रपटातली मारिया, नॅटली वुड, रशियन आईबापांची. आणि तिचे गाणे पडद्याआडून गायले मार्नी निक्सनने. टोनीचे काम करणाऱ्या रिचर्ड बेमरलाही गळा दुसऱ्याचाच. त्याच चित्रपटात रीटा मोरेनो खरोखरची पोर्तो रिकोची; पण सगळ्यांचा रंग एकसारखा दिसावा म्हणून तिच्याही चेहऱ्यावर गडद रंग फासला, हे तिने पुढे मुलाखतींत सांगितले. म्हणजे जी खरी तिथली, तिलाही तिथली दिसण्यासाठी रंगवले! साँडहाइमलाही आपली चूक बोचत राहिली. नुकत्याच आलेल्या पोर्तो रिकन मुलीच्या तोंडी आपण 'आय फील प्रिटी'मध्ये फार चतुर, उच्चभ्रू दिवाणखान्यात शोभतील अशी यमके घातली, याची लाज वाटते, असे तो उतारवयापर्यंत सांगत असे. तो २०२१ साली गेला. मग किरी ते कानावाच्या साहेबी उच्चाराला कुणी किती दोष द्यावा? शब्दच साहेबी होते.

आणि १९८४च्या त्या स्टुडिओत एक बाई अशी होती की जिला हेल शिकवावा लागला नाही. तात्याना ट्रोयानोस. तिचे अगदी लहानपण मॅनहॅटनच्या पश्चिम भागातल्या त्याच वस्तीत गेले, जिथे पुढे लिंकन सेंटर उभे राहिले. 'वेस्ट साइड'ची वस्ती ती हीच. १९६१च्या चित्रपटातली सुरुवातीची दृश्ये तिथल्याच पाडायला काढलेल्या चाळींमध्ये टिपली आहेत. गरिबांची घरे पाडली आणि त्या जागेवर १९६६ साली मेट्रोपोलिटन ऑपेराचे नवे घर उघडले. ट्रोयानोस त्या ऑपेरात गायची. म्हणजे जिथे तिचे बालपण होते, तिथेच तिचा रंगमंच. तबकडीवर 'अमेरिका' ऐका. रस्त्यावरची बाई आणि ऑपेराची गायिका एकाच गळ्यात भांडतात आणि दोघीही जिंकतात. १९९३ साली ती अकाली गेली.

'समव्हेअर'चीही अशीच एक कथा. हे गाणे नायक-नायिका गात नाहीत, ते कुठूनसे, अदृश्य आवाजात येते. १९८४ साली मॅरिलिन हॉर्नने ते गायले म्हणून लोक म्हणाले, ऑपेरावाल्यांनी ब्रॉडवेवर आक्रमण केले. पण १९५७च्या पहिल्या रात्री ते कोण गायले होते? रेरी ग्रिस्ट, एक कृष्णवर्णीय तरुणी, जी पुढे युरोपातल्या मोठमोठ्या ऑपेरागृहांत गाजली. आणि हॉर्न तरी कुठली सोवळी! विशीत असताना तिने १९५४च्या 'कार्मेन जोन्स' चित्रपटात डोरोथी डँड्रिजला आवाज दिला होता. या दोन घरांमध्ये कुंपण होते, पण त्याला दार पहिल्यापासून होते.

ते दार पहिल्यांदा जोरात उघडले ते १९४९ साली. मेट्रोपोलिटनमध्ये दोन दशकांहून अधिक काळ गाजलेला इटालियन गायक एत्सियो पिंझा 'साउथ पॅसिफिक'मध्ये आला. सूर सांभाळणाऱ्याला स्वरलिपी वाचता येत नसे, सगळे कानावर, असे त्याच्याबद्दल सांगतात. त्याचे इंग्रजी मोडके होते. पण भूमिका होती बेटावर राहणाऱ्या फ्रेंच मळेवाल्याची. परका माणूस परक्याच्या कामात. उच्चाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्याची नायिका मेरी मार्टिन हिने मात्र आधीच बजावले होते की या माणसाच्या गळ्यापुढे मला बरोबरीने गायला लावू नका. रॉजर्सने दोघांना आळीपाळीने, मनातल्या मनात बोलल्यासारखे गायला दिले, आणि त्या अडचणीतून नाटकातला सर्वांत सुंदर प्रवेश निघाला.

बर्नस्टाइनच्या तबकडीनंतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. १९८६ साली 'साउथ पॅसिफिक': पुन्हा ते कानावा, पुन्हा कारेरास, यावेळी पिंझाच्या जागी. तिथे त्याचा हेल गुणात जमा झाला. गळा तोच, माणूस तोच, भूमिका बदलली एवढेच. १९८८ साली जॉन मॅकग्लिनने 'शो बोट' मुद्रित केले, ते या सगळ्यांत अभ्यासपूर्ण. १९२७चे मूळ वाद्यलेखन न्यू जर्सीतल्या एका गोदामात सापडले होते. त्यावरून त्याने नाटक पुरे उभे केले. पण मला बोलायचे आहे ते १९८७च्या 'माय फेअर लेडी'बद्दल. त्यात ते कानावा झाली एलायझा. म्हणजे फुले विकणारी, गावठी बोलणारी पोर, जिला प्राध्यापक महाशय 'शुद्ध' बोलायला शिकवतात. आणि ते कानावा पहिल्यापासूनच शिकलेली वाटते! गावठी बोली तिने मेहनतीने वर लावली आहे आणि ती लावल्याचे कळते. तिच्याबद्दल मला राग नाही, कीव येते. शुद्ध बोलणे जिच्या अंगवळणी पडले, तिला परत मागे जाता येत नाही.

हेच मूळ नाटक, शॉचे 'पिग्मॅलियन', पु. लं.नी १९७५ साली 'ती फुलराणी' म्हणून मराठीत आणले. भक्ती बर्वेंची मंजुळा ज्यांनी पाहिली ते भाग्यवान. बेळगावच्या प्रेक्षागृहात तो प्रयोग मी पाहिला. लोक मंजुळाच्या बोलण्याला मनमुराद हसत होते, मीही हसलो. मध्यंतरात चहाला बाहेर आलो तर आमच्यातलाच एक जण म्हणाला, "ही शिकल्यावर हिच्या घरच्यांशी काय बोलणार?" त्याचे उत्तर कुणी दिले नाही. घंटा झाली.

मग ऑपेरावाल्यांनी हे करूच नये का? पणजीहून परतल्यावर ही तबकडी मी मुंबईहून मागवून घेतली आणि नंतरच्या वर्षांत ती इतकी ऐकली की बायको दार लावून घेई. माझे मत सांगतो. जिथे पद बोलीवर उभे आहे तिथे ही तबकडी पडते. जिथे भाव शब्दाच्या पलीकडे गेला आहे तिथे ती अशी उठते की मूळ संचाला ते कधी शक्यच नव्हते. 'टुनाइट'चे पंचक घ्या: दोन्ही टोळ्या, अनिता, टोनी आणि मारिया, प्रत्येकाची रात्रीची वाट पाहण्याची तऱ्हा वेगळी, आणि सगळे एका वेळी. १९५७च्या तबकडीवर तो गोंगाट रोमांचक आहे. १९८४च्या तबकडीवर प्रत्येक सूर वेगळा दिसतो आणि तरी एकजीव आहे. आणि अनिता-मारियाचे भांडण, जिथे ट्रोयानोस आपल्या माणसाच्या खुनाचा जाब विचारते आणि ते कानावा तिला थोपवते! तिथे दोघींच्या उच्चाराकडे कुणाचे लक्ष जाईल? 'मारिया' गातानाही, ज्या गाण्यावरून स्टुडिओत एवढा ताण झाला, कारेरास शेवटी तो तीव्र मध्यम असा लावतो आणि असा सोडतो की मला अजून पेटी काढावीशी वाटते. तिथे शब्द एकच आहे, मुलीचे नाव. आणि ते नाव त्याच्या मुलखातलेही आहे.

इथे मला आमच्या सुळेभावीची आठवण होते. बेळगावजवळचे हे गाव. तिथे १९२४ साली शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली जन्मला, जो कुमार गंधर्व झाला. घरची भाषा कानडी, शिक्षण मुंबईला देवधरांकडे, आजारपणानंतर मुक्काम माळव्यात देवासला. या मैफलीच्या गवयाने बालगंधर्वांची नाट्यपदे घेऊन सबंध कार्यक्रम केला, त्याची तबकडीही निघाली. बालगंधर्व म्हणजे मराठी मनाचा देव्हारा. त्यांच्या पदाला हात लावायचा म्हणजे अनेकांच्या दृष्टीने धाडसच. कुमारजींनी नाव काय दिले? 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यांनी बालगंधर्वांची नक्कल केली नाही, दुरुस्तीही केली नाही. मला जे उमजले ते हे, एवढेच. त्यांचे शब्द मी कान देऊन ऐकले आहेत, आणि कुठे कुठे मला आमच्या मातीची किंचित ओल लागते. कदाचित ती मलाच लागत असेल.

बर्नस्टाइनच्या तबकडीच्या वेष्टनावर फक्त 'वेस्ट साइड स्टोरी' छापले आहे, जणू खरी हीच. 'कारेरासला उमजलेला टोनी' असे छापले असते, तर निम्मे टीकाकार गप्प बसले असते.

पुढची हकीकत थोडक्यात. कारेरास १९८७ साली रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडला, बरा झाला आणि १९९० साली रोममध्ये पावारोत्ती आणि दोमिंगो यांच्यासह गायला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्नस्टाइन गेला. नाटक मात्र भाषेचा प्रश्न सोडवत राहिले. २००९ साली वृद्ध लॉरेंट्सने ते पुन्हा ब्रॉडवेवर आणले तेव्हा पोर्तो रिकन पात्रांची काही पदे आणि गद्य स्पॅनिशमध्ये करून घेतले. काही महिन्यांत त्यातले काही परत इंग्रजीत आले, प्रेक्षकांना कळेना. २०२१च्या चित्रपटात स्पीलबर्गने स्पॅनिश संवाद ठेवले आणि त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरे मुद्दामच दिली नाहीत. ज्यांना कळते त्यांना कळू दे, ज्यांना नाही त्यांनी चेहरे वाचावेत. आमच्या बाजारात रोज हेच चालते. भाजीवालीशी कानडीत, बायकोशी मराठीत, आणि घासाघीस दोन्हींत. अक्षरे खाली कधीच येत नाहीत.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून नात आली होती. ती बारावीला. जुन्या नाटकांवर तिला काही प्रकल्प करायचा होता. तिच्या आजीने कुठूनसा शोध लावला आणि 'संशयकल्लोळ'ची माझी १९६७ची वही, प्रॉम्प्टिंगच्या खुणांसकट, तिच्यापुढे ठेवली. नात म्हणाली, "आजोबा, अश्विनशेठचं गद्य म्हणा, मी फोनवर घेते." मी आढेवेढे घेतले, मग चष्मा लावला. पहिल्या वेळी वाक्याच्या शेवटी हेल आला, तो आता मलाही ऐकू येतो. मी थांबून म्हटले, पुन्हा घे. दुसऱ्यांदा सांभाळून म्हटले. तिसऱ्यांदा अगदी पुणेरी म्हटले, एकेक अक्षर तोलून. तिने तिन्ही ऐकून पाहिले, कानाला फोन लावून, ओठ मुडपून.

"पहिलंच ठेवते," ती म्हणाली, आणि बाकीची दोन्ही पुसून टाकली.